जीप सहा इंच उंच

शुक्रवार पेठ, सोलापूर
सोमवार, ता. ४ ऑक्टोबर १९७६

ती. येडूदादास,
मायाक्काचा शि. सा. न. वि. वि.

१. गेल्या महिन्यात पावसात आपली जीप मैंदर्गीजवळच्या ओढ्यात बंद पडली.
२. सायलेन्सरमध्ये पाणी गेलं. उतारूंनी ढकलून गाडी बाहेर काढली.
३. कुणाला लागलं नाही.
४. त्यावरून तू ठरवलंस, की जीप सहा इंच उंच करायची आणि मोठे टायर घालायचे.
५. आराखडा मी करून द्यायचा, तोही दिवाळीच्या आत.

तुझ्या पत्रातून मला एवढं समजलं. चुकलं असेल तर कळव.

सहा इंच एका जागेवरून निघत नाहीत. आताचे टायर काढून ७.५०-१६ चे घातले, तर साधारण दोन इंच मिळतील. उरलेले चार स्प्रिंगांतून काढावे लागतील, म्हणजे पाटे वाढवायचे आणि त्यांचा बाकही वाढवायचा. ते केलं की खालचा शाफ्ट तिरका होतो, ब्रेकचे रबरी पाइप तोकडे पडतात आणि स्टिअरिंगचा दांडा ओढला जातो. मोठं चाक पूर्ण वळवल्यावर स्प्रिंगला घासेल, ते वेगळंच. एक्सल आणि स्प्रिंग यांच्यामध्ये बाभळीचे ठोकळे घालून काम भागवतो असं कुणी मिस्त्री म्हणाला, तर त्याच्या दारातून गाडी परत आण.

मला मापं पाठव. रिकाम्या गाडीची, सपाट जागेवर घेतलेली. पाटे मोजून लिही. वीत आणि मूठ चालणार नाही, सुताराकडून टेप माग.

एक विचारते. चार पावसाळे तू त्याच ओढ्यावरून अक्कलकोटची वाहतूक करतोस. पाणी वाढलं की अलीकडे थांबतोस, उतारू चहा पितात, पाणी उतरलं की निघतोस. या वर्षी घाई कसली होती?

इथे घरी केराबाईआत्याचे गुडघे दुखतात, बाकी ती ठीक आहे. ड्रॉइंग ऑफिसात मला आता नुसत्या नकला काढायला बसवत नाहीत, वर्कशॉपात मापं घ्यायलाही पाठवतात. आईच्या पाया पडते. माझ्यावर आहे ती माया तशीच राहू दे, ही विनंती.

तुझी,
मायाक्का


मैंदर्गी
ता. ७-१०-७६

चि. मायाक्कास,
येडूचे अनेक आशीर्वाद.

पत्र पावलं. आईला वाचून दावलं. ती म्हनली, पोरीनं भावाला पत्र लिवलंय का पंचनामा केलाय. लई हासलो आमी.

टेप आनला. दोनी एक्सलच्या खालनं जमीन साडेआठ इंच. पाटे पुडं दहा, मागं नऊ. त्यातला मागचा एक चिरलाय, त्यो तसाबी बदलायचाच हाय. टायर तू म्हनतीस तेच घिऊ, सोलापुरात जुन्या बाजारात मिळत्यात म्हनं.

आनि दोन कामं ऱ्हायली लिवायची. मागची दोनी बाकं काडून तितं हत्याराची पेटी बसवायची. आनि डायवरची शीट चार इंच मागं सरकवायची. हे बी आराखड्यात धर.

घाईचं म्हनशील तर तसं काय न्हाय. गाडी उंच असली की बरी दिसती. दर गुरुवारी फुलांची पाटी घिऊन येनाऱ्या निंगव्वाला मी सांगितलं, गाडी वर जानार हाय. तर म्हातारी म्हनती, एणी तारो. एणी म्हंजे शिडी, तारो म्हंजे आन रे. सोलापूरला जाऊन तू कानडी इसरली असशील म्हनून फोडून सांगतोय.

आई बरी हाय. तुझ्यासाटी नवं घोंगडं इनाया टाकलंय. थोरल्या भावावर राग नसावा, लोभ असावा.

तुझा,
येडू


शुक्रवार पेठ, सोलापूर
सोमवार, ता. ११ ऑक्टोबर १९७६

ती. येडूदादास,
मायाक्काचा शि. सा. न. वि. वि.

मापं मिळाली. नीट घेतली आहेस. त्यांवरून आराखडा होऊ शकतो. पण मी तो सुरू केलेला नाही, कारण मापं जुळतात आणि बाकीचं काहीच जुळत नाही.

दोन चाकांमधलं अंतर चार फूट आहे. उंची वाढवली म्हणून ते वाढत नाही. अशी गाडी खचाखच भरून, पायरीवर दोघांना उभं करून वळणावर घेतलीस, तर ती कलंडेल. हे लिहायला बसले आणि लक्षात आलं, की तू बाकंच काढायला सांगितली आहेस. मग उतारू बसणार कुठे? उतारू नसतील तर गाडी मैंदर्गी ते अक्कलकोट कशाला धावणार? बाबा गेल्यावर अर्धी मेंढरं विकून आपण ही जीप घेतली. तिच्यावर घर चालतं. हे तुला मी सांगायला नको.

त्याहून सीटचं कोडं मोठं आहे. तुझा पाय क्लचला पुरत नाही, म्हणून तू पाठीमागे घोंगडं गुंडाळून बसतोस. गाडी आल्यापासून मी त्यावरून तुला चिडवते. सीट चार इंच मागे गेली, तर तुला क्लच दाबायला खाली उतरावं लागेल. ती सीट तुझ्यासाठी नाही. कुणा उंच माणसासाठी आहे.

आणखी एक. परवा आत्यानं मला दाराला टेकवून उभं केलं आणि डोक्याशी पेन्सिलीनं खूण केली. विचारल्यावर म्हणाली, झंपर शिवायचंय. झंपराला माझी उंची लागत नाही. तसं म्हटल्यावर ती भाकरी करपतेय म्हणून आत गेली. तव्यावर भाकरी नव्हती.

गाडीची मापं मी मागितली होती. माझी कुणी मागितली?

सरळ लिही. तोवर कागदावर एक रेघ ओढणार नाही. आईला नमस्कार. तुझ्यावरचा विश्वास शाबूत राहील असं उत्तर यावं, ही विनंती.

मायाक्का


मैंदर्गी
ता. १४-१०-७६

चि. मायाक्कास,
येडूचे आशीर्वाद.

तुझ्यापुडं लबाडी टिकायची न्हाय, हे आईनं आदीच सांगितलं हुतं. ओढ्यात गाडी बंद पडली न्हवती. ते मी रचलं.

इंडीकडं खडीची खान हाय ते हिंदुराव कोळेकर तुला ठावं हायत. त्यांचा थोरला सिद्धाराम. गेल्या म्हैन्यात दोघं आपल्याकडं आल्ते. तुझी चौकशी केली. पोरगा बोलाया कमी, पर निर्व्यसनी हाय. शिकलेली पोरगी चालंल, नोकरीचं लग्नानंतर बगू म्हनले. त्याच्या आईला तुझी उंची पायजे हुती, म्हनून मी आत्याला निरोप धाडला. आत्याला दोष देऊ नगंस.

गाडी त्यांनी तोंडानं मागितली न्हाय. हिंदुराव गाडीभवती फिरले, बानेटवर हात ठिवला आनि म्हनले, गाडी चांगली हाय, पर आमच्या खानीच्या वाटंला बुटकी पडंल. बास. समजायचं ते मी समजलो. निगताना पोरानं मला सहा इंचाचं आनि शिटीचं सांगितलं, जसं काय सहज.

आता तू म्हनशील, माझ्या लग्नात द्यायच्या गाडीचा आराखडा माझ्याकडनंच करून घेतोस व्हय? मायाक्का, खरं सांगू का, मला दुसरं कुनी सुचलंच न्हाय. यंत्राचं काम निगालं की ह्या घरात तुझं नाव निगतं. पाटा तुटला तरी मी आदी तुला पत्र टाकतो, मग मिस्त्रीकडं जातो. हात त्या सवयीनं लिवून गेला. पत्र पेटीत टाकल्यावर ध्यानात आलं, तवर उशीर झाल्ता.

तू माझी काळजी करू नगंस. बाबाची काठी अजून दाराआड हाय. मेंढरं राखाया पाय लागत्यात, क्लच न्हाय. तुझं नीट हुतंय ह्यात मला समदं मिळालं. आई दोन रात्री नीट जेवली न्हाय. न्हाय म्हनायच्या आदी तिचा इचार कर.

लोभ करशील का न्हाय, ते आता तुझ्यावर.

येडू


शुक्रवार पेठ, सोलापूर
सोमवार, ता. १८ ऑक्टोबर १९७६

श्री. सिद्धाराम हिंदुराव कोळेकर यांस,
सा. न. वि. वि.

आपली भेट झालेली नाही. मैंदर्गीचे येडू हे माझे थोरले भाऊ. मुलीनं असं पत्र लिहिण्याची आपल्याकडे रीत नाही, हे मला माहीत आहे. पण माझ्याकडून एका जीपचा आराखडा मागवण्यात आला आहे आणि काम कुणासाठी आहे हे कळल्याशिवाय मी ते करत नाही. या पत्राची नक्कल भावाला पाठवत आहे.

माझ्या भावानं आपल्याविषयी वाईट लिहिलेलं नाही. गाडी कुणी तोंडानं मागितली नाही, असंच तो लिहितो. आपल्या वडिलांचं बोलणं त्यांचं त्यांना माहीत. मी फक्त मापांबद्दल बोलू शकते.

सहा इंच हा आकडा गाडीभोवती फिरून काढता येतो. सीट चार इंच मागे हवी, हे मात्र बसून पाहिल्याशिवाय कुणालाही सांगता येत नाही. तेव्हा आपण त्या सीटवर बसला होता. बसण्याआधी तिथलं गुंडाळलेलं घोंगडं आपल्याला काढून ठेवावं लागलं असेल. ते कशासाठी आहे, हे आपण माझ्या भावाला विचारलं होतं का? आणि ही गाडी इंडीला गेल्यावर तो काय चालवणार, हे?

विचारलं नसेल, तर उत्तर मी देते. त्याचे पाय आखूड आहेत आणि घर त्या जीपवर चालतं. गाडी मैंदर्गीतच राहील. तिचा चिरलेला पाटा बदलून होईल. उंची, टायर, बाकं आणि सीट आहेत तशी राहतील. भाऊ नाही म्हणेल, आई रडेल. तरीही हे बदलणार नाही.

खाणीच्या वाटेसाठी आपल्याला उंच जीप खरोखरच हवी असेल, तर आपली स्वतःची गाडी घ्यावी. तिचा आराखडा मी करून देईन. चार इंचांच्या वर जाऊ नये असा माझा सल्ला राहील. त्याचा दुसऱ्या कशाशी संबंध नसेल.

माझी उंची पाच फूट तीन इंच आहे. ती मलाच विचारता आली असती. नोकरीचं लग्नानंतर बघू, असं आपल्याकडून म्हटलं गेलं. ती मी आजच बघितलेली आहे, सोडणार नाही.

हे सगळं धरून आपल्याला माझ्याविषयी अजून काही विचारायचं आहे की नाही, एवढंच मला कळायला हवं. नाही असं उत्तर आलं, तर मी ते वाईट मानणार नाही आणि घरी तसं सांगेन.

लोभ असावा असं लिहिण्याइतकी ओळख नाही, म्हणून ते लिहीत नाही. उत्तर वडिलांचं नको, आपल्या हातचं हवं. ते शनिवार, ता. ३० ऑक्टोबरपर्यंत वरच्या पत्त्यावर पोहोचेल असं पाठवावं.

मायाक्का