माझ्या फोनमधली घरं

अप्पा, तुम्ही वायरमन होता तेव्हा घराला दिवे, पंखे आणि फार तर दाराशी एक चिवचिवणारी बेल लागायची. काम झालं की तुम्ही टेस्टर खिशाला अडकवायचात, मालकिणीकडून पाणी मागून प्यायचात, आणि त्या घराशी तुमचा संबंध संपायचा. मीही तुमच्याच लाइनीत गेलो असं माय लोकांना सांगते. पण माझा संबंध संपत नाही. ज्या घरात मी काम करतो ते घर माझ्या खिशात बसून माझ्याबरोबर निघून येतं. हे सांगायला जिवंत माणसांत कुणी नाही, म्हणून तुम्हाला सांगून राहिलो. तुम्ही कावीळ होऊन गेलात तेव्हा मी शाळेत होतो, तुमच्यापेक्षा तुमच्या शिडीची मला जास्त आठवण आहे, पण तरी.

हिंगोलीत एका दुकानात आहे मी. कॅमेरे, बोटाच्या ठशानं उघडणारी कुलपं, फोनवरून चालू-बंद होणारे दिवे, दार हललं की किंचाळणारा सायरन, आणि आपण बोललेलं ऐकून गाणी लावणारी एक गोल डबी. पोरगं पुण्याला नोकरीला असतं, म्हातारा-म्हातारी इकडे असतात, मग पोरगं तिकडून पैसे पाठवतं आणि मी इकडे ड्रिल घेऊन जातो. औंढ्याला देवळाच्या सेवेतले एक आजोबा आहेत. त्यांच्या ओट्यावर ती डबी ठेवली तर ते हात जोडून तिला म्हणाले, “बाई, आरती लावा.” डबी हिंदीतून भलतंच काहीतरी बोलली. आजोबा माझ्याकडे वळले. “कुठली सून धाडली रे पोरानं? ऐकती सगळं, कळत काहीच न्हाई.” खूप हसलो आम्ही. मग नेहमीचं झालं. खातं उघडायला ईमेल लागतो, ओटीपी लागतो, आजोबांना त्यातलं काही नको. “तुजंच टाक बाबा नाव, मला तकलीफ देऊ नको.” मी माझंच टाकलं. आमच्याकडे सगळे असंच करतात. घर त्यांचं, खातं आमचं. मालकाच्या फोनवर फक्त वापरायचा वाटा जातो, त्याला वाटतं सगळं आपल्या हातात आहे. आमच्या शेठनं पहिल्या दिवशी दोनच गोष्टी शिकवल्या. एक ही. दुसरी म्हणजे एक वाक्य पाठ करून घेतलं, “माणूस खोटं बोलतो, मशीन बोलत न्हाई.” हे म्हटलं की माल जातो.

कॉलेज मी दुसऱ्या वर्षाला सोडलं. मायला वाटतं फीमुळे. तसं नाही. वर्गात एक मुलगी होती, कळमनुरीहून यायची. तिचे बाबा एका कचेरीत बाबू आहेत. प्रयोगशाळेत आम्ही एका टेबलावर होतो, तिला माझं वायर सोलणं आवडायचं, दातानं सोलू नको म्हणून ओरडायचीसुद्धा. बस सुटेपर्यंत स्टँडवर उभं राहायचो, एवढंच. एकदा एका पोरानं माझी जात काढून तिच्याबद्दल काहीतरी म्हटलं, आणि मी त्याचं नाक फोडलं. सरांनी माफी माग म्हणून सांगितलं. मी स्टूल लाथाडून निघालो तो परत गेलो नाही. ती म्हणाली होती, “तू मारलंस तुझ्या रागासाठी, अन् नाव झालं माझं.” तेव्हा मला हे वाक्य कळलं नाही. मारामारीचं कुणीतरी तिच्या घरी पोचवलं. तिचं कॉलेज सुटलं, फोन गेला. तो मुलगा कोण हे मात्र घरच्यांना कळलं नव्हतं. तिनं सांगितलं नाही.

आणि मग एके दिवशी शेठनं कळमनुरीचा पत्ता हातात दिला. गल्लीत वळलो तेव्हा कळलं कोणाचं घर आहे. परत फिरता आलं असतं, अप्पा. पण मला ती दिसणार होती.

दार तिच्या बाबांनी उघडलं. भले गृहस्थ वाटतात, कपाळावर गंध, शर्टाच्या खिशात दोन पेन. “चोऱ्या लई वाढल्या रे इकडं,” म्हणाले. मग बोट करून जागा दाखवत गेले. एक दिवाणखान्यात. एक जिन्यावर. एक मागच्या दाराला, पण तोंड आत करून. माझ्या तोंडातून निघून गेलं, “काका, चोर आतून येतो का?” ते हसले नाहीत. “सांगितलं तिथं लाव. अन् दोन्ही दारांना कुलूप असं पाहिजे, आतूनसुद्धा माझ्या बोटाशिवाय उघडलं न्हाई पाहिजे.” “आग-बिग लागली तर?” “म्या हाय ना. कचेरीतून उघडीन, फोनवर.” तेवढ्यात ती पाण्याचा तांब्या घेऊन आली. काकांनी विचारलं, “आडनाव काय तुझं?” आमच्याकडे पाणी देण्याआधी हे विचारतात, तुम्हाला माहीतच आहे. मी दुकानाचं नाव सांगितलं. तिनं माझ्याकडे न बघता तांब्या टेबलावर ठेवला आणि आत गेली. मी स्क्रूसाठी भिंतीत गिट्टी ठोकत होतो आणि एवढ्या घावांना आतून एकही आवाज येत नव्हता. कॅमेरे, कुलपं, सायरन, दिवे, सगळं फोनला जोडून त्या घराची सगळी तोंडं मी माझ्या हातानं बंद केली. शेठचं ते मशीनचं वाक्यही म्हणून दाखवलं, काका खूश झाले. म्हणाले, “काम बराबर आहे तुझं.” खातं कुणाच्या नावावर ते त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

त्या दिवशी बसमध्ये मला सिद्धेश्वर धरणाकडचं ते घर आठवत होतं. सुट्टी होती म्हणून तुम्ही मला बरोबर नेलं होतं. मी शिडी धरून उभा आहे, दुपारचं ऊन दारातून आत आलेलं आहे, आणि घरमालक तुम्हाला सांगतोय की सुनेच्या खोलीचं बटण आत नको, बाहेर पडवीत काढ. पुस्तकं वाचत बसते, दिवा जाळते. खोलीच्या उंबऱ्यावर ती सून उभी आहे, कडेवर लेकरू आहे, आणि ती तुमच्याकडे बघतेय. मालकाकडे नाही, तुमच्याकडे. मला वाटलं तुम्ही आता नाही म्हणाल. मी तर तुमच्यावतीनं नाही म्हणायला तोंडही उघडलं होतं. तुम्ही पडवीत बोर्ड ठोकला. सायकलवर मी विचारलं, अप्पा, काहून बाहेर लावलं? तुम्ही म्हणालात, “गप बस. त्यांचं घर, त्यांचा दिवा.” आणि घरी आल्यावर मायनं वाढलेलं ताट तुम्ही तसंच झाकून ठेवलंत. पुढं त्या घराचं बोलावणं आलं तर तुम्ही दुसऱ्या वायरमनला पाठवलंत, त्या बाईचं काय झालं हे कधी विचारलं नाहीत. मला तुमचा राग यायचा, अजून येतो. पण आता त्या रागात एक गोष्ट मिसळली आहे. तुम्ही निदान तिथून निघून आलात.

मी निघालो नाही. पहिल्यांदा वाटलं, ती बरी आहे ना तेवढं बघावं. कुणी तिला काही करत नाही ना. मग सकाळी चहा पिताना बघायला लागलो. दुसऱ्याच्या भिंतीला भोकं पाडता पाडता बघायला लागलो. ती जिन्यावर बसून तांदूळ निवडते. आईच्या केसांना तेल लावते. आई झोपली की मागच्या दाराजवळ उभी राहते, कुलपाला हात लावत नाही, फक्त उभी राहते. एकदा तिनं मान वर करून सरळ कॅमेऱ्यात बघितलं आणि मी, अप्पा, भर चौकात केस सारखे केले. मला वाटलं ती माझ्याकडे बघतेय. ती तिच्या बाबांकडे बघत होती. त्या बघण्यात काय होतं ते मी पुन्हा पुन्हा मागे नेऊन पाहिलं, पण मला हवं ते त्यात सापडेना, तर मी हवं ते त्यात घातलं.

मग एका रविवारी पाहुणे आले. मी दुकानात होतो, शेठ जेवायला गेले होते. दिवाणखान्यात सतरंजी, मुलाकडची माणसं, ताटलीत पोहे. मुलगा फोनशी चाळा करत बसलेला. ती पदर घेऊन आली आणि पाटावर बसली. आवाज चालू होता, मुलाचा मामा विचारत होता, “शिक्षण मधीच काहून सोडलं म्हणं?” तिचे बाबा म्हणाले, “तिलाच आवड न्हाई.” ती खाली बघून राहिली. माझं डोकं फिरलं. कॉलेजात फिरलं होतं तसंच. मी सायरन दाबला. दिवे बंद केले, चालू केले, पुन्हा बंद केले. पाहुणे उठून पळायला लागले तर दार उघडेना, मामाच्या पायाखाली पोह्यांची ताटली आली. मला हसू येत होतं, अप्पा. टेबलावर हात मारून हसलो मी.

पाहुणे गेले. काकांनी फोन काढला, ॲपमध्ये बघितलं. तिथं लिहिलेलं होतं, सायरन मोबाइलवरून वाजवला. त्यांच्या हिशेबानं ते ॲप दोनच फोनांत होतं. एक त्यांच्या खिशात होता. दुसरा तिच्या आईचा, स्वयंपाकघरात, आणि पोहे देण्याआधी पोरगी तिथंच होती. तिनंच त्यात वेळ लावून ठेवली असणार, असं त्यांनी धरलं. ते तिच्यावर ओरडले नाहीत. आधी त्यांनी खिडक्या लावल्या. माझ्या फोनवर तिथला आवाज चालूच होता. मी तो बंद केला. चित्र बंद केलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला तपासायला बोलावलं. मी धावत गेलो. सगळं उघडून बघितल्यासारखं केलं आणि म्हणालो, “काका, बिघाड हाय. आपोआप वाजला. घरच्या कुणाची चूक न्हाई.” त्यांनी माझ्याकडे शांतपणे बघितलं. “मशीन खोटं बोलत न्हाई, तूच म्हणाला होतास ना? का आता माणूस खोटं बोलून राहिला?” मी म्हणायला पाहिजे होतं, मी दाबलं. ते दोन शब्द तोंडात आले होते. पण ते म्हटले की पुढचं सगळं निघालं असतं, मी कोण, आडनाव काय, आणि मग माझ्यावर जे यायचं ते येऊ द्या, पण तिचं त्यांनी काय केलं असतं? हे मी स्वतःला सांगतो. खरंही आहे ते. पण खरं असलं तरी मला सोयीचंही आहे.

काका शिडी आणायला मागे गेले तेव्हा ती जिन्याच्या पहिल्या पायरीवर आली. गालावर हाताचा वळ अजून होता. ती हळू बोलली, ओठ न हलवता, कॅमेऱ्याखाली राहून तिला ते जमायला लागलं होतं.

“तुझ्याकडं दिसतं?”

मी मान हलवली.

“कधीपासून?”

मी स्क्रूड्रायव्हर खिशात घातला.

“मला वाटायचं एकच माणूस बघून राहिलाय,” ती म्हणाली.

“मी तुला बाहेर काढतो. एक बटण हाय. तू फक्त सांग.”

“सांगू?” ती म्हणाली. “मग आधी तुझ्या फोनातून मला काढ. मग बोलू.” आणि शिडीचा आवाज आला तशी आत गेली. तेव्हापासून ती मला दिसत नाही. घरात जिथं कॅमेरा पोचत नाही तेवढ्याच जागेत ती राहते, भिंतीच्या कडेनं चालते. कधी एखाद्या वेळी नुसता हात दिसतो, परात सरकवताना.

खातं काकांच्या नावावर करून द्यायला मला चहा पिण्याएवढाही वेळ लागणार नाही. पण मग ते एकटेच बघतील. असं मी म्हणतो. आणि खातं माझ्याकडे आहे तोवर ती माझ्याशी बोलणार नाही. रोज सकाळी मी ते पान उघडतो, ‘मालक बदला’ असं तिथं लिहिलेलं आहे, आणि मी ते बंद करून दिवाणखाना बघतो. रिकामा दिवाणखाना.

आज दुपारी काकांचा फोन आला. आवाज अगदी गोड. म्हणाले, एक छोटं काम आहे, पोरीच्या खोलीला कुलूप लावायचं, बाहेरून, फोनवर उघडणारं. लग्न ठरेस्तोवर. “उद्या ये. दुसऱ्या कुणाला घरात घ्यायला नको वाटतं बघ. तू आता घरचाच झालास.” मग ते म्हणाले, “तुला जमत नसेल तर नांदेडहून बोलावतो.”

कुलूप आणून ठेवलं आहे. खोक्यातून काढून बघितलं, मजबूत आहे, आतल्या बाजूला नुसती सपाट पट्टी. मी नाही गेलो तर नांदेडचा माणूस लावेल आणि त्याच्या फोनात ती जाईल, हे मी मायला सांगितलं असतं तर तीही म्हणाली असती, मग तूच जा बाबा. तिला घेऊन निघायचं झालं तर म्हणून शेठच्या मोटारसायकलीत पेट्रोल भरून ठेवलं आहे. कुठं जायचं ते तिनं सांगितलेलं नाही, तिनं काहीच मागितलेलं नाही, जे मागितलं ते मी दिलेलं नाही. हे कागद घडी करून तुमच्या हत्यारांच्या पेटीत टाकीन, मायला ती पेटी उघडवत नाही. फोनवर मी काकांना हो म्हणालो, अप्पा. भीतीनं म्हणालो असतो तर तुम्हाला लिहिलंही नसतं. तिच्या खोलीचं दारही माझ्याच फोनात येणार म्हणून हो म्हणताना मला बरं वाटलं.