पिकअपचा आडवा दांडा आणि माझी बाकीची मालमत्ता

मी, खाली सही करणारी, वयाने सत्तरीच्या पुढची, धंद्याने रोपवाटिकेवाली, गल्लीत सगळ्यांची रोपवाली मावशी, हे सगळं स्वतःच्या हाताने आणि पूर्ण शुद्धीवर राहून लिहून ठेवते. परवा माझ्या पोटाचं ऑपरेशन आहे. टेबलावरून उठले तर हा कागद कपाटात जाईल. न उठले तर वकीलबाईंनी तो दोन्ही मुलांसमोर मोठ्याने वाचावा, आणि कडू वाक्यं गाळू नयेत. माझं डोकं ठिकाणावर नाही अशी कुजबुज घरातूनच निघाली आहे, म्हणून डॉक्टरबाईंचा दाखला सोबत जोडला आहे. कुजबुज कोणाची, ते चौथ्या कलमात येईल.

कलम एक. राहतं घर आणि मागची पत्र्याची शेड थोरल्या मुलाला. मोरीचा नळ गळतो, तो त्याने बदलावा, फडकं गुंडाळू नये. माझे हे, म्हणजे मुलांचे वडील, जन्मभर "जुनं झालं, एवढं चालायचंच" म्हणत फडकं गुंडाळत आले. माणूस लाखातला. पण त्या "चालायचंच"चा मला जो वीट आला, तो त्यांना पोचवून आल्यावरही गेला नाही.

कलम दोन. बँकेत जे असेल ते थोरला आणि धाकटी मुलगी यांनी निम्मं निम्मं घ्यावं. भांडायचं असेल तर बँकेच्या दारात भांडा, माझ्या फोटोसमोर तोंडं वाजवू नका.

कलम तीन. हत्यारं सगळी धाकटीला. ती बस चालवते, तिला पान्याची किंमत कळते. शेजारच्या सुतारदादांकडे माझा जॅक आहे, तो तिने मागून आणावा. दादा म्हणतील, "तुझ्या आईनेच मला देऊन टाकला." खोटं. मी उसना दिला होता, आणि तो त्यांनी खुराड्याचा पाया म्हणून पुरला आहे. त्यावर कोंबड्या काय काय करतात ते मी कुंपणावरून रोज बघते, आणि माझं जेवण जात नाही. जॅक धुऊन घ्यावा.

कलम चार. पिकअप.

ही गाडी आम्ही घेतली तेव्हाच ती दुसऱ्याची जुनी होती. माती, खत, कुंड्या, सगळं हिने वाहिलं. वयानुसार हिच्या स्टेअरिंगला प्ले आला. म्हणजे चाक हातात इकडून तिकडे हलतं, आणि खालच्या टायरांना त्याची दाद ना फिर्याद. माझे हे तर स्टेअरिंग पाळणा हलवल्यासारखं हलवतच गाडी सरळ ठेवायचे. मी चालवायला शिकले तेव्हा मला ते सहन होईना. कोणी शिकवलं नाही. गाडीखाली पोतं टाकून झोपले, आणि एकेका सांध्याला हात लावून शिकले.

ही तपासणी एकट्याने होत नाही. चाकं जमिनीवरच ठेवायची, इंजीन बंद. एकाने वर बसून स्टेअरिंग थोडं थोडं डावं-उजवं करायचं, दुसऱ्याने खाली झोपून प्रत्येक जॉइंटवर हात ठेवायचा. जिथे हाताला ठोका लागतो, तिथे रोग. आमच्या गाडीचा रोग पुढच्या दोन चाकांना जोडणाऱ्या आडव्या दांड्याच्या टोकाला आहे. तिथला बॉल जॉइंट झिजून पडायला आलेल्या दातासारखा झाला आहे. वर मी बसले होते, खाली धाकटी. तिनेच ओरडून सांगितलं, "आई, सापडला! शी, केवढा हलतोय!" नवा जॉइंट मागवला. तो येईपर्यंत माझं पोट बिघडलं.

आता थोरला. ऑपरेशन ठरल्याबरोबर त्याने गाडी विकायला काढली. मी अजून खाटेवर बसून चहा पितेय, आणि हा अंगणात गाडीला साबण लावतोय! गुळगुळीत टायरांना काळं पॉलिश, आत लिंबाच्या वासाची बाटली. तो गोडसर वास अजून माझ्या नाकात आहे. घाणीपेक्षा घाणेरडा. आणि नंतर त्याने जे केलं, ते लिहितानाही शिसारी येते. स्टेअरिंग बॉक्सच्या, म्हणजे स्टेअरिंगखालच्या दात्यांच्या पेटीच्या, डोक्यावर एक स्क्रू असतो. तो आवळला की प्ले गेल्यासारखा वाटतो. रोग सांध्यात, आणि याने गळा आवळला बॉक्सचा! असं केलं की स्टेअरिंग हाताला घट्ट लागतं, पण वळणानंतर चाक आपणहून सरळ होत नाही, आणि खाली जॉइंट तसाच खिळखिळा.

गिऱ्हाईक कोण, तर आपला पाणीवाला. टेकडीवरच्या घरांना पिंपं पोचवणारा, साधा पोरगा. भरलेली पिंपं घेऊन रोज तो उतार. मी त्याला खाटेवरूनच हाक मारली. "अरे, घेऊ नकोस. स्टेअरिंग सैल आहे."

तो चक्कर मारून आला होता, खूश होता. "नाही ओ मावशी, मस्त घट्ट आहे! माझ्या जुन्या गाडीपेक्षा घट्ट."

थोरला हसला. "आईचं मनावर घेऊ नका. तिला हल्ली सगळंच सैल वाटतं. डोकं पण..." आणि त्याने बोट कानाजवळ फिरवलं.

पाणीवाला गेल्यावर मी थोरल्याला विचारलं, "लाज नाही वाटली?"

"घेणाऱ्याने बघून घ्यायचं असतं, आई."

"तो बघतच होता रे. जे बघायचं तेच तू झाकलंस."

"तू आराम कर बघू."

आराम! मी वरणभात भरवून हा वाढवला? त्या रात्री मी भरलं ताट परत सारलं, आणि त्यात पोटाच्या दुखण्याचा काही हात नव्हता.

म्हणून आज सकाळी थोरला कामावर गेल्यावर मी पोतं टाकलं. डॉक्टरबाई ओरडतील, ओरडू देत. आडवा दांडा सोडवला. पुढची दोन चाकं आता दोन दिशांना तोंड करून उभी आहेत. लिंबाचा वास कितीही मारला तरी अशी गाडी कोणी चालवून बघणार नाही. दांडा रिक्षाने नेऊन वकीलबाईंच्या ऑफिसात, टेबलाखाली ठेवला आहे. गालिच्याला डाग पडला, त्याबद्दल माफी.

पिकअप मी धाकटीला देते. तिने आधी तो स्क्रू होता तसा सोडावा, मग नवा जॉइंट घालावा, चाकांचं अलाइनमेंट करून घ्यावं. नंतर पाणीवाल्याला हवीच असेल तर विकावी, पण त्याला खाली झोपवून, त्याचा हात प्रत्येक सांध्यावर ठेवून, मगच.

कलम पाच. हे कलम दुपारनंतर वाढवलं आहे.

पाणीवाला बयाणा द्यायला आला तेव्हा थोरलाही जेवायला घरी आला होता. चाकांकडे बघून दोघं थबकले. थोरला माझ्यावर तणतणायला लागला. दांड्याचा काढलेला जॉइंट, तेवढा मी फडक्यात ठेवून घेतला होता, तो पाणीवाल्याच्या तळहातावर ठेवला. "हलव," म्हटलं. त्याने दोन बोटांनी हलवला. मग एका बोटाने. बराच वेळ तो हलवत राहिला.

"मावशी," तो म्हणाला, "रविवारी बायकोला आणि पोरीला शेजारी बसवून वर नेणार होतो. गाडी दाखवायला."

थोरल्याने मान फिरवली. पाणीवाल्याने बयाणा खिशात घातला आणि जॉइंट माझ्या हातात परत दिला.

तर थोरल्याला घराच्या किल्लीआधी हा जॉइंट मिळावा. वकीलबाईंनी तो त्याच्या उघड्या हातावर ठेवावा. फडक्यात गुंडाळून नव्हे, पुसून नव्हे. ग्रीसचं काळं हाताला लागू दे, आणि तो एका बोटाने हलवून झाल्यावरच किल्ली द्यावी. तो माझा मुलगा आहे, म्हणून घर देते. तो माझा मुलगा आहे, म्हणूनच हेही देते.

अंमलबजावणी वकीलबाईंनी करावी. याआधी मी कुठे काही लिहून दिलं असेल तर ते रद्द समजावं.

ठिकाण: मागची शेड, फळीच्या टेबलावर.
तारीख: वकीलबाईंच्या शिक्क्यात आहे तीच.

सही: रोपवाली मावशी (अंगठ्याजवळचा डाग ग्रीसचा आहे, खाडाखोड समजू नये)

लिहिणारीने आमच्यासमोर सही केली, आम्ही तिच्यासमोर केली:

साक्षीदार: डॉक्टरबाई
साक्षीदार: पाणीवाला