दादाचा लॅपटॉप चालेल का

१ सप्टेंबर, सोमवार

बंद पडला! बरोबर अठराव्या मिनिटाला. आधी घरघर, मग मांडीला चटका, मग सगळं काळं. मी मिनिटं मोजते, कारण नव्या कॉलेजात दुसरं काही करायला सोबत नाही.

कॉम्प्युटर इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षाला लॅपटॉप कसा हवा, याचा कागद दिलाय. रॅम आठ जीबी, सोळा असेल तर उत्तम. एसएसडी हवीच. आमच्याकडे काय? रॅम चार, आणि जुनी हार्ड डिस्क. झाकणावर शिवादादानं चिकटवलेला वाघ, एक कान उडालेला. वाघाबद्दल कागदात काही नाही.

आबा मार्केटातून आले तेव्हा वाचून दाखवला. दिवसभर पोती वाहून आलेला माणूस, ऐकताऐकता डोळे मिटत होते. पण शेवटी म्हणाले, "नवा घ्यायचा असंल तर दसऱ्याच्या आत सांग. टोळीत शब्द टाकतो. पर मागनं नापास झाल्यावर लॅपटॉपचं नाव सांगायचं न्हाई."

आमच्या घरात दादाचं नाव न घेता दादाबद्दल असं बोलतात.

३ सप्टेंबर

वर्गात सोनलशेजारी जागा होती. बसले. तिनं आमच्या दोघींच्या मधे बॅग ठेवली. दिवसभरात मी एकच शब्द बोलले — "प्रेझेंट".

५ सप्टेंबर, शुक्रवार

हे कुठंतरी एकदा लिहून ठेवते.

हा लॅपटॉप आबांच्या टोळीनं घेऊन दिलेला. अठरा माथाडी, सगळे सातारा-पाटणकडचे. त्यांच्यातला कॉम्प्युटर इंजिनीअर होणारा पहिला पोरगा म्हणजे आमचा शिवतेज! मुकादमांनी मार्केटात पेढे वाटले होते. लॅपटॉप खोक्यातून काढला तेव्हा कुणी हात लावेना, हाताला माती असेल म्हणून.

दुसऱ्या वर्षी दसऱ्यानंतर तो बंद पडायला लागला. दादा सांगत होता. आबांचं एकच — नव्या वस्तूला नावं ठेवू नकोस, आणि उघडायला तर अजिबात द्यायची नाही. परीक्षेत प्रोजेक्ट दाखवताना बंद पडला, सगळं काम गेलं, दादा नापास. आबांनी त्याला टोळीसमोर उभं केलं. तो म्हणाला, लॅपटॉपमुळं झालं. "खोटारड्या! अठरा जणांच्या पाठीवरनं आलाय त्यो," आबा ओरडले. सगळे खाली बघत होते. मी दहावीत होते, मीही मनात म्हटलं — बहाणे!

दुसऱ्या दिवशी दादा चाकणला निघून गेला, गोडाऊनमधे कामाला. लॅपटॉप इथंच ठेवून. तीन वर्षं झाली. राखीला फोन येतो, तोही मला. आई गावी असते, म्हशी आणि रान तिच्या गळ्यात. ती या बापलेकांशी वेगवेगळी बोलते आणि दोन्हीकडे रडते.

कोपरखैरणेच्या या खोलीत आम्ही दोघंच उरलो. आबा पहाटे जातात. संध्याकाळी टीव्ही बोलतो, आम्ही ऐकतो.

९ सप्टेंबर

लॅबच्या मॅडमना धीर करून विचारलं, की माझा जुना आहे, चालेल का. त्या हसल्या नाहीत! म्हणाल्या, "या वर्षी सी प्रोग्रॅमिंग आहे. ते कशावरही चालतं. पुढं रॅम वाढव, एसएसडी टाक, जाईल तिसऱ्या वर्षापर्यंत. पण बंद का पडतो ते आधी शोध. जुना झाला म्हणून कोणी आपोआप बंद पडत नाही."

या महिन्यात माझ्याशी सलग एवढी वाक्यं बोललेली पहिली व्यक्ती. वाटेत मी ती परत परत म्हणत आले.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

प्रयोग. पंखा माझ्याकडून काढून लॅपटॉपसमोर लावला. पासष्ट मिनिटं चालला!! तो गार, मी घामाघूम. म्हणजे दुखणं उष्णतेचं आहे, मेंदू ठीक आहे.

हे सांगायचं कुणाला? दादाला मेसेज लिहिला — "तुझा वाघ तासभर चालला." पाठवला नाही. त्याला वाटेल मी चिडवतेय. पुसून टाकला.

१६ सप्टेंबर

आबा : "ठरलं का?" मी : "बघतेय." एवढंच. आबांच्या डब्यातली भाकरी तशीच परत आली होती. विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

२० सप्टेंबर, शनिवार

बोनकोड्यात संघर्ष नावाच्या मुलाचं रिपेअरिंगचं दुकान आहे, तिथं नेला. म्हटलं, उघड. त्यानं स्क्रू काढले, मागचं झाकण उचललं आणि टॉर्च आत धरला.

"ताई, हे काय हाय? कोनी पूजा केली काय याची?"

पंख्याच्या पात्यांत काळपट चिकट गोळा. त्यानं चिमट्यानं ओढून काढला. तेलात भिजलेली धूळ, आणि तिच्यात लाल तांदूळ. अक्षता! कुंकू लावलेल्या. वर हळदीची किनार.

मी एक दाणा उचलून उजेडात धरला.

दादाच्या दुसऱ्या वर्षाची खंडेनवमी. आबा दर वर्षी पोती ओढायचा हूक घासतात, तेल लावतात, पाटावर ठेवून पूजतात. त्या वर्षी हूकशेजारी लॅपटॉप ठेवला होता. सुरू होता, पंखा वाजत होता. आबा कान लावून म्हणाले, "घरघरतंय. वंगण मागतंय." आणि बाजूच्या जाळीत तेल सोडलं. मायेनं, थेंब थेंब. मग वरून हळद, कुंकू, अक्षता. दादा आंघोळीला गेला होता. ताट माझ्या हातात होतं! मी बघत होते, आणि मला ते छान वाटलं होतं.

संघर्ष म्हणत होता, "हवाच जात नव्हती. तापनार नाय तर काय? तीन वर्षांपूर्वी कोनी उघडला असता तर दहा मिनिटांचं काम होतं."

दहा मिनिटांचं.

गोळा त्यानं कचऱ्यात टाकायला घेतला. मी मागून घेतला. पूजेच्या अक्षता, टाकवेना. कागदात पुडी बांधली आणि घरी येऊन देव्हाऱ्याच्या खणात ठेवली, निर्माल्याबरोबर जाईल म्हणून.

२१ सप्टेंबर, रविवार

दादा खरं बोलत होता.

आबांना सांगितलं तर? ज्या हातानं पूजा केली त्याच हातानं पोराचं शिक्षण मोडलं, हे त्या माणसाला कसं सांगायचं? दादाला सांगितलं तर तो आबांना कधी माफ करेल? आणि कुणालाच नाही सांगितलं, तर मी कोण?

आईला फोन लावला. तिनं म्हशीचं सांगितलं, मी ऐकलं, ठेवला.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

लॅपटॉप दुकानातून आला. पंखा साफ, रॅम आठ, एसएसडी; माझे साठवलेले पैसे त्यात संपले. सलग तीन तास चालवला, सीचे अकरा प्रोग्रॅम केले. मांडी गार! वाघाचा कान तेवढा राहिला.

आबांना सांगितलं, "नवा नको. हाच चालेल."

"काय झालं व्हतं त्याला?"

म्हटलं, "काही नाही. रॅम वाढवली."

आबांनी मान हलवली. "बघ! मशीनीत कायबी नव्हतं. मी तवाच म्हणलो व्हतो."

आणि मी गप्प बसले. म्हणजे आज दादा दुसऱ्यांदा खोटारडा ठरला, आणि या वेळी माझ्यामुळं. लाज वाटते. फार एकटं वाटतं. लॅपटॉप मात्र उत्तम चाललाय.

२९ सप्टेंबर

सोनल म्हणाली, "वाघ भारी आहे. कोणाचा?" मी म्हटलं, दादाचा. "काय करतो तो?" मी म्हटलं, इंजिनीअर आहे. का म्हटलं कुणास ठाऊक. पाणी प्यायच्या निमित्तानं बाहेर गेले आणि बेसिनपाशी रडून घेतलं.

१ ऑक्टोबर, खंडेनवमी

आबांनी हूक घासून पाटावर ठेवला. मी शेजारी लॅपटॉप ठेवला, बंद करून. कुंकू संपलं होतं म्हणून आबांनी देव्हाऱ्याचा खण उघडला, आणि त्यांच्या हाताला पुडी लागली. मी "थांबा" म्हणेपर्यंत सोडलीही. तांदूळ बोटांत चोळले. वास घेतला. मग लॅपटॉपच्या जाळीकडे बघत राहिले. "ह्यातनं निघालं?" मी हो म्हटलं. तेलाची बाटली त्यांनी लांब सरकवली, हात धोतराला पुसले, पुन्हा पुसले. "शिवाला फोन लाव."

माझ्या फोनवरून लावून दिला. आबांना स्पीकर बंद करता येत नाही, म्हणून मलाही ऐकू आलं. "काय गं ज्ञानू?" दादा म्हणाला.

"ज्ञानू न्हाई, मी हाय. शिवा, तू खरं बोलत व्हतास. त्यात तेल मी घातलं व्हतं. उद्या दसऱ्याला टोळी जमंल, सगळ्यांच्या म्होरं सांगतो. तू फकस्त माझ्या शेजारी उभा ऱ्हा."