दोन ब्रूस आणि सात मजीद

रिग्गई, कुवैत
शुक्रवार, जुम्म्याच्या नमाजानंतर, जेवणाच्या आधी

प्रिय शत्रुघ्न यास मजीदचा सलाम, आणि काकींना त्यांच्या वाटणीचा वेगळा. आधी तुझ्या गुडघ्याची चौकशी करतो. (डावाच ना? मागच्या फोनवर तू डावा म्हणालास, वहिनी उजवा म्हणाल्या. नक्की कळव, मी लिहून ठेवतो.) आम्ही तिघं, मी, तुझी भाभी खैरुन्निसा आणि जवेरिया, खुशाल आहोत. माझा पाय मुरगळला आहे, त्याचं कारण पुढे ओघाने येईल. फोन न करता पत्र लिहितो आहे, कारण फोनवर तू मला तिसऱ्या वाक्याला तोडतोस. मुबीन सुट्टीवर गावी येतो आहे, त्याच्या हाती हे पत्र आणि खजुराचा डबा देतो आहे. डबा सीलबंद आहे. सील तुटलेलं असलं तर मुबीनकडे बघ. आणि हो, गावामागच्या पऱ्ह्याच्या वाहत्या पाण्यात तुला सापडलेला तो बोटभर नव्या जातीचा मासा काय म्हणतो? त्याच्या नावाचं काही ठरलं का? सहज विचारतो, घाई नाही.

तुला ठाऊक आहे, मी गोदामातला माणूस. साडेबारा हजार सुटे भाग, प्रत्येकाला नंबर, आणि नंबर का दिला ते मला तोंडपाठ. त्यामुळे पाच वर्षांपूर्वी शुक्रवारच्या पक्षीवाल्यांबरोबर पहिल्यांदा किनाऱ्यावर गेलो, तेव्हा सगळे दुर्बिणीतून पक्षी बघत होते आणि मी पुस्तकातलं त्याचं लॅटिन लेबल बघत होतो. चिखलात तुरुतुरु पळणारा एक पक्षी, त्याच्या नावात लेशनो. कोण हा लेशनो? कुणालाच सांगता येईना. घरी येऊन शोधलं, तर फ्रान्सचा माणूस, सगळी हयात झाडापाल्यात घालवलेला, आणि नाव लागलं चिखलातल्या पक्ष्याला. इथल्या लोकांचा जीव की प्राण असलेला, माळढोकासारखा हुबारा पक्षी, त्याच्या नावात हिंदुस्थानातल्या पलटणीचा मॅक्वीनसाहेब. तेव्हापासून मी पक्ष्यांमागची माणसं शोधतो. कॉलेजची पायरी न चढता, फक्त चिकाटीवर, एकशे बेचाळीस कार्डं झाली आहेत (खोक्यांच्या झाकणांची, एका मापात कापलेली). या कामात मला आवडलेली रीत अशी, की कुणीही स्वतःचं नाव स्वतःच्या प्राण्याला देत नाही. ते दुसऱ्याने द्यायचं, मित्राने मित्राला, आणि मागून घेणं तर अगदीच हलकं समजतात. किती सुंदर रीत आहे बघ.

तर गेल्या महिन्यात खैरुन्निसा बकाल्यातून, म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानातून, कोथिंबीर घेऊन आली आणि म्हणाली, मागच्या बागेतल्या बोरीवर एक धुळीच्या रंगाचं घुबड बसलेलं असतं. मी म्हटलं, कबूतर असेल. दुसऱ्या दिवशी म्हणाली, कबुतराला कान नसतात. मी म्हटलं, सावली असेल. असे आठ दिवस गेले. नवव्या दिवशी तिने मला भर अकरा वाजता हाताला धरून बोरीखाली उभं केलं, आणि बघतो तर फांदीला चिकटून, डोळे मिटून, टीचभर घुबड, डोक्यावर दोन पिसांची शिंगं. आमच्या गटाचे प्रमुख यूसुफभाई (हैदराबादचे, इंजिनियर, आवाज मुअज्जिनचा) धावत आले. म्हणाले, ओटस ब्रूसी, फार क्वचित दिसतं. दोन तासांत बोरीखाली तीस कॅमेरे उभे राहिले, आणि बागेच्या रखवालदाराला वाटलं की झाडावर कुणी चोर चढला आहे.

मी तिथल्या तिथे जाहीर केलं की या ब्रूसवर मी हवल्लीच्या हॉलमध्ये वीस मिनिटं बोलणार. ब्रूसचं कार्ड माझ्याकडे तयारच होतं, नावात ब्रूस असलेल्या एका हिरव्या कबुतराच्या निमित्ताने केलेलं. शिवाय गटाची पुस्तिका छापायची होती, बारा पक्षी आणि त्यांची बारा माणसं, लेखक मजीद सोलकर. यूसुफभाईंनी आधी कुणाकडून तरी तपासून घेऊ म्हटलं, तर मी जरा रागावलोच. माझं कार्ड तपासायचं म्हणजे काय? म्हटलं, भाषण ऐका, त्यात एक चूक निघाली तर पुस्तिकेवरून माझं नाव काढा. (हे वाक्य मी चारचौघांत, हिंदीत आणि मोठ्याने बोललो. लक्षात ठेव.)

हॉलमध्ये सत्तेचाळीस माणसं. मी बोललो, आणि खोटं कशाला सांगू, छान बोललो. स्कॉटलंडचा जेम्स ब्रूस, हबशांच्या मुलुखात नाईल नदीचा उगम शोधत फिरला, ज्वर, वाळवंट, राजेरजवाडे, सगळ्यातून जिवंत परतला, आणि शेवटी घरी एका बाईंना बग्गीपर्यंत पोचवायला जाताना जिन्यावरून पडून गेला. हे नुसतं सांगून माझं समाधान होईना, म्हणून मी व्यासपीठाच्या दोन पायऱ्या त्याच्यासारखा उतरून दाखवायला गेलो आणि खरोखर पडलो. लोकांना तो भाषणाचाच भाग वाटला. टाळ्यांचा कडकडाट. मी जमिनीवरूनच हात हलवला.

तेवढ्यात पहिल्या रांगेतून आमच्या जवेरियाने हात वर केला. पोरगी पंधरा वर्षांची, मराठी सगळं कळतं पण उत्तर अर्धं इंग्रजीत. म्हणाली, "अब्बा, वन डाउट. हा ब्रूस सेव्हन्टीन नाइन्टी-फोरला गेला. घुबडाला नाव एटीन सेव्हन्टीजमध्ये. सो ऑलमोस्ट एटी इयर्स कोण थांबलं होतं?"

मी म्हटलं, संशोधनाला वेळ लागतो. ती म्हणाली, हा ब्रूस वेगळाच आहे, आणि मोबाइलवरून वाचूनच दाखवलं. हेन्री जेम्स ब्रूस, अमेरिकेचा पाद्री, आणि घुबड मिळालं ते गाव राहुरी.

शत्रुघ्ना, राहुरी! आपल्या नगर जिल्ह्यातली! हा पाद्री साताऱ्याकडे राहिला, मराठी शिकला. आणि मी, सबंध गटातला एकटा मराठी माणूस, त्याला हबशांच्या मुलुखात शोधत पायऱ्यांवरून पडलो होतो. हॉल हसून लोळला. यूसुफभाई मला उठवत म्हणाले, "मजीदभाई, ये तो आपके पड़ोसी निकले." आणि खरं सांगतो, पाय ठणकत होता, इभ्रत गेलेली होती, तरी मला इतका आनंद झाला की मी मोठ्याने हसलो. कुवैतच्या बोरीवर बसलेलं घुबड, आणि त्याचं लेबल राहुरीचं.

पण चूक कुणी करावी? मी? आपल्या गावात सात मजीद सोलकर आहेत. बंदरावरचा, गिरणीवाला, दोन बोटीवाले, एक तोतरा, एक मुंबईवाला आणि मी. दहावीचा निकाल आठवतो ना? पोस्टमनने गिरणीवाल्याची गुणपत्रिका मला दिली, आणि पुरते दोन दिवस मी नापास होतो. अब्बांनी मला बोटीवर पाठवायचं नक्की केलं होतं. तू सायकलवरून शाळेत गेलास, बापाचं नाव ताडून माझी खरी गुणपत्रिका आणलीस, म्हणून आज मी गोदामात आहे. एका नावाचा एकच माणूस असतो असं समजायचा हक्क जगात सगळ्यांना असेल, मला नव्हता.

घरी परतताना गाडीत खैरुन्निसा खिडकीबाहेर बघत होती. मला वाटलं, माझी दया आली असेल. तर सिग्नलला म्हणाली, "त्या पाद्रीसाहेबांच्या बायकोला कुणी विचारलं का, घुबड आधी कुणी बघितलं?" भाषणात मी काय म्हटलं होतं ते मला तेव्हा आठवलं. मी म्हटलं होतं, "आमच्या गटाला घुबड सापडलं." घरी येऊन एकशे बेचाळीस कार्डं काढून बसलो. नाव कुणाचं, दिलं कुणी, साल कोणतं, सगळे रकाने आहेत. आधी कुणी बघितलं, हा रकाना एकाही कार्डावर नाही.

पुस्तिकेवरून माझं नाव काढायला मी स्वतःहून सांगितलं आहे. बोललेलं बोललो. बाकी सर्व ठीक. गुडघ्याला जप, पऱ्ह्यात एकटा उतरू नकोस.

तुझा,
मजीद (दर्यामोहल्ल्यातला, अब्बास सोलकरांचा मोठा मुलगा)

ता. क. मघाशी सहज विचारलं म्हणालो, ते सहज नव्हतं. माशाच्या नावासाठीच हे पत्र लिहायला घेतलं होतं. मागून घेणं हलकं, हे मीच लिहिलं आहे, म्हणून मागत नाही. फक्त आठवण देतो की सहावीत त्याच पऱ्ह्यात तू बुडत होतास तेव्हा तुझी कॉलर कुणी धरली होती.

ता. क. २. वरचं रद्द समज. विचार केला, शंभर वर्षांनी जवेरियासारखी एखादी पोरगी त्या माशाचा मजीद शोधायला गावात येईल आणि गिरणीवाल्याचं कार्ड करून जाईल. नाव खैरुन्निसाचं दे. खैरुन्निसा आपल्या गावात एकच आहे. कार्डाचा नवीन रकाना तिच्यापासूनच सुरू केला आहे.

ता. क. ३. तिला आताच वाचून दाखवलं. तिने डोळे पुसले (कांदा चिरत होती, असं तिचं म्हणणं). मग विचारलं, मासा केवढा आहे? बोटभर म्हटल्यावर म्हणाली, शत्रुघ्नभाऊंना सांगा, अजून जरा खाली पाण्यात बघा, मोठा असेल तर.