बिनशब्दांचं पान

६ जानेवारी

ती. मावशीस,
सा. न. कागदावरच घे. वर्गातल्या बुटक्या खुर्च्यांनी कंबर धरली आहे, खरोखर वाकवत नाही.

माझ्या दुसरीच्या वर्गावर संकट आलं आहे. शेवटच्या तासाला मी मुलांना चित्रांची पुस्तकं वाचून दाखवतो, ते तुला ठाऊक आहे. काही पालकांनी मोठ्या बाईंकडे तक्रार केली, की मास्तर चित्रं दाखवून टाइमपास करतात. बाई म्हणाल्या, पालकसभेत पटवून द्या, नाहीतर तो तास गणिताला जाईल. सभेच्या वेळी पटांगणात मुलं सांभाळायला मीच लागतो. शिवाय चारचौघांत माझी बोबडी वळते. तू सभा गाजवलेली बाई! येशील ना? आधी एकदा वर्गातही ये. सोबत शिंप्याच्या हरवलेल्या सुईचं पुस्तक पाठवतो आहे.

तुझ्या आवाजाच्या भरवशावर,
लांब्या

१० जानेवारी

चि. लांब्यास,
अनेक आशीर्वाद, आणि कंबरेसाठी गरम पाण्याची पिशवी.

टाइमपास? अरे, समोरच्या चित्रात काय चाललंय ते बघायला जे मूल शिकत नाही, ते मोठेपणी समोर चाललेला अन्याय तरी कसा बघणार? मी विचारणार आहे त्यांना! भाषण तयार आहे, आवरतं घेऊनही पाऊण तासाचं. तुझा शिंपी तर तोंडपाठ झाला. बुधवारी येते. माझ्यासाठी स्वयंपाकाचा घाट घालू नकोस. तुझ्या हातचं खाल्लं की माझा घसा बसतो.

तुझ्यावर आणि तुझ्या पोरांवर जीव असलेली,
मावशी

१६ जानेवारी

ती. मावशीस सा. न.
रागावणार असशील तर आधी चहा घे, मग पुढे वाच.

परवा तू वर्ग दणाणून सोडलास. शिंप्याची आरोळी ऐकून शेजारच्या वर्गातल्या बाई धावत आल्या. मुलांनी टाळ्या पिटल्या. तू गेल्यावर मात्र पहिल्या बाकावरची ठेंगणी मला म्हणाली, की मावशीआजींनी मांजर सांगितलंच नाही.

खरंच आहे. पुस्तक तू मिटून काखेत धरलं होतंस. शब्दांत नुसता शिंपी सुई शोधतो. मांजर आहे ते चित्रांत, शेपटीला त्याच सुईचा लाल दोरा अडकवून, पानोपानी. मधल्या पानावर तर शब्दच नाहीत. अंधारी खोली आणि तिच्यातून धावणारा लाल दोरा, बस्स. ते पान तू गाळलंस.

म्हणून सभेत भाषण नको. पुस्तक खांद्याशी धर, पानं लोकांकडे कर आणि बाजूने, तिरप्या नजरेने वाच. मधल्या पानाशी आलीस की गप्प राहा, दुसरं कुणी बोलेपर्यंत. कुणाकडे काय मागतो आहे, ते मला कळतं.

भीत भीत,
लांब्या

२५ जानेवारी

चि. लांब्यास,
आशीर्वाद पुष्कळ, क्षमा थोडी.

तुझं पत्र वाचून मी तुझं नावच टाकलं होतं. मग आरशासमोर पुस्तक धरून बसले. ओळी निसटायच्या, मान अवघडायची. शेजारणीने खिडकीतून विचारलं, की आज कुणाशी भांडण काढलंत?

काल तू मुलांच्या गराड्यात होतास आणि माझी गाडी सुटत होती, म्हणून सभेचं पत्रानेच कळवते.

लोक घड्याळं बघत होते. मी वाचत गेले. मधलं पान उघडलं आणि तोंड मिटलं. लांब्या, मी मोर्च्याच्या पुढे चाललेली बाई, पण असा घाम कधी फुटला नव्हता! सगळं भाषण जिभेवर येऊन बसलेलं. तुझ्या त्या तक्रारवाल्यांपैकी एक बाप नुसता खाकरला. मोठ्या बाईंच्या कपाळावर आठी. मला वाटलं, घालवला मी पोराचा तास.

तेवढ्यात बाईच म्हणाल्या, की जरा मागचं पान दाखवा बघू, हा दोरा येतोय कुठून? दाखवलं. त्या उठल्या, चष्मा कपाळावर चढवला, मांजरावर बोट ठेवलं आणि ओरडल्याच, की अहो, चोर तर इथे बसलाय! मग कसल्या खुर्च्या आणि कसलं काय. सगळे पुढे. तो खाकरणारा बाप तर पहिल्या पानापासून पुन्हा दाखवा म्हणून हटून बसला.

तास राहिला, बाबा. शिंप्याचं पुस्तक मात्र बाईंनी ठेवून घेतलंय. त्यांचं अजून बघून झालेलं नाही.

ठेंगणीला सांग, या वेळीही मावशीआजीने मांजर सांगितलं नाही. लोकांनीच शोधलं.

लोभ आहेच, मान सरळ झाली की आणखी वाढवीन.
मावशी