लाल ठिपक्याखालचा बोल्ट

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, शिक्षण सातवी, धंदा सायकल दुरुस्ती, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. मला कोणी धाक दाखवलेला नाही की लालूच दाखवलेली नाही. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. त्यांनी शंभरातून सात-सात वजा करायला सांगितले. गिअरचे दात मोजण्यात माझी हयात गेली, मी न अडखळता दोनापर्यंत उतरले. तरीही त्या दाखल्यावर कोणी डोळे मिटून विसंबू नये. कारण कलम चारमध्ये आहे.

कलम १. दुकानामागच्या दोन खोल्या, गच्ची आणि बँकेतली ठेव माझ्या लेकीला द्यावी. लेकी, स्वयंपाकघरातला नळ उलटा फिरतो. नवा बसवू नकोस, सवय कर. लोखंडी कपाट जावयांना. गेली वीस वर्षे त्याच्याकडे बघून ते "भक्कम आहे" म्हणतात, त्याअर्थी हवे असावे.

कलम २. चाक सरळ करायचा स्टँड आणि माझे सगळे पाने नातीला. ती नर्स आहे, दुकान चालवणार नाही, पण तिचा हात स्थिर आहे. माझ्या यजमानांची हत्यारांची पेटी मात्र या कागदात येत नाही. वकील म्हणाले, ज्याला काही मिळणार त्याने साक्षीदार होऊ नये. धाकटे दीर साक्षीला हवे आहेत, म्हणून ती पेटी मी जिवंतपणीच त्यांच्या हाती देईन. घेतील की नाही, ठाऊक नाही. एकोणीस वर्षांत आमचे बोलणे नाही. त्यांचे दुकान आमच्या समोरच आहे. ते खोकले की मी शटर अर्धे ओढते, एवढाच संबंध.

कलम ३. यजमानांची रेसर सायकल नातीला द्यावी, पण कलम सहामधली अट पुरी झाल्यावरच.

ही सायकल एकोणीस वर्षे भिंतीवर टांगलेली होती. गिअरचे दोन खटके खालच्या तिरक्या दांडीवर, म्हणजे गिअर बदलायचा तर एक हात हँडल सोडून गुडघ्यापाशी न्यायचा. यजमान टेकडीच्या उतारावर गेले ते तसेच. एक हात खाली, समोर खड्डा.

नात म्हणाली, "आजी, मला आजोबांचीच सायकल हवी."

"त्या उतारावरून?"

"माझ्या नोकरीचा दवाखाना उताराच्या खालीच आहे गं. तो काय मी हलवू?"

मी म्हटले, दोन्ही हात हँडलवर राहतील अशी करून देईन, मगच. ब्रेकच्या लिव्हरमध्येच गिअर असलेली नवी जोडी मागवली. तिला लागणारे मागचे चाक जास्त रुंद, म्हणून चाक धरणारा मागचा चिमटा चार मिलिमीटर फाकवला आणि दोरा ताणून मध्य पाहिला. वाकलेला पुढचा चिमटा बदलला. खटक्यांच्या जागी केबल अडवणाऱ्या छोट्या टोप्या बसवल्या. आता बोटाने नुसते ढकलले की टक्, आणि चेन पुढच्या दातांवर. असे देखणे काम माझ्या हातून झाले नव्हते. जुने खटके टेबलाच्या खणात आहेत. ते पुन्हा कोणत्याही सायकलला लावू नयेत.

कलम ४. आमच्या दुकानाचा नियम: बोल्ट पूर्ण आवळला की त्यावर नेलपॉलिशचा लाल ठिपका द्यायचा, अर्धा बोल्टवर, अर्धा शेजारच्या भागावर. पाना फिरवल्याशिवाय बाटली उघडायची नाही. गिऱ्हाईक ठिपका बघते आणि निर्धास्त जाते.

गेल्या मंगळवारी सायकल तयार झाली. शेवटचे म्हणून मी पुढचा ब्रेक जोरात दाबला आणि केबल सुळकन सरकली. लिव्हर हँडलला टेकली. केबल धरून ठेवणारा बोल्ट जेमतेम हाताने फिरवल्याइतकाच बसलेला होता. हलके दाबले तर ब्रेक लागतो. उतारावर जीव खाऊन दाबला तर सुटतो.

आणि त्या बोल्टवर लाल ठिपका होता.

आवळायचे विसरले, असे असते तर मी म्हातारपणाच्या नावाने दोन शिव्या घालून गप्प बसले असते. पण मला तो आवळल्याचे आठवते. पाना हाताला गार लागला होता, बाहेर कोणीतरी घंटी वाजवली होती, सगळे आठवते. जे केले नाही ते मला स्वच्छ आठवते. तेव्हापासून माझा माझ्यावर भरवसा राहिलेला नाही. गॅस बंद केला हे आठवते, म्हणून उठून बघते. दार लावल्याचे आठवते, म्हणून परत जाते. नातीला सांगितले, एक पार्ट यायचा आहे. खोटे सांगितले. ती रोज फोन करते, "आला का गं पार्ट?" आणि मी "उद्या" म्हणून फोन ठेवते.

गेल्या वर्षभरात किती सायकलींवर मी असे ठिपके दिले असतील? सगळ्या रस्त्यावर आहेत. रस्त्यात कुठे ब्रेक करकरला की मी खुर्चीचा हात घट्ट धरते.

कलम ५. हे लिहिणे सगळ्यांत जड जाते आहे.

यजमान गेले त्याच्या आदल्या दिवशी त्यांच्या सायकलचे ब्रेक धाकट्या दिरांनी केले होते. चार माणसांदेखत मी विचारले, "भाऊजी, बोल्ट आवळला होता ना?"

"आवळला होता, वहिनी."

"मग हे कसे गेले?"

ते चपला घालून निघून गेले. आठवड्याने समोर दुकान टाकले. सायकल मी कोणाला तपासू दिली नाही. भिंतीवर टांगली आणि मनाशी निकाल देऊन टाकला.

यंदा गिअरची नवी जोडी बसवताना ब्रेकचा तो जुना बोल्ट मी पहिल्यांदा उघडायला घेतला. उघडेना. पान्यावर लोखंडी नळी चढवून दोन्ही हातांनी जोर लावला तेव्हा करकरत सुटला. नुसता गंजलेला नव्हता. केबल त्याच्याखाली चपटी झाली होती. ती चपटी केबल मी जपून ठेवली आहे. भाऊजी, तुम्ही आवळला होता. मी चुकले. हे सांगायला मला तीन पावलांचा रस्ता ओलांडवला नाही, कारण आता सैल बोल्ट माझ्याच हातचा निघाला आहे, आणि सांगायला आले असते तर तुम्ही माझ्या हाताकडे बघितले असते.

कलम ६. अट अशी: सायकलचा एकूण एक बोल्ट धाकट्या दिरांनी स्वतः सोडवून पुन्हा आवळावा. त्याआधी नातीने तिच्यावर पाय ठेवू नये. दुकानाबाहेर पाटी लावावी, की वर्षभरात इथे काम झालेल्या सायकली फुकट तपासून मिळतील.

सहीपूर्वी वाढवलेला मजकूर. आज सकाळी डॉक्टर साक्षीला आले, आणि त्यांच्या हाती निरोप धाडला होता म्हणून भाऊजीही. साक्षीदाराला आतला मजकूर वाचायची गरज नसते, तरी मी कागद भाऊजींच्या हातात दिला. त्यांनी उभ्यानेच वाचला. कलम पाच दोनदा वाचले.

"वहिनी, हे तुम्ही गेल्यावर वाचायचं होतं होय मी?"

"तोंडानं जमलं नसतं."

"तीन पावलं नाहीत, बारा आहेत. मी मोजलीत." मग म्हणाले, "पाना द्या."

मी यजमानांची पेटी पुढे केली. ती उघडून ते नातीच्या सायकलपाशी जमिनीवर बसले.

डॉक्टर म्हणाले, "मी नंतर येऊ का?"

"थांबा," भाऊजी म्हणाले. "तुम्ही आलात त्या सायकलचं काम कोणी केलं?"

"आजींनीच. फेब्रुवारीत."

 डॉक्टर उठले आणि आपली सायकल आत घेऊन आले.

नातीच्या सायकलवर आणखी एक बोल्ट सैल निघाला, हँडल धरणारा. त्यावरही माझा ठिपका होता. भाऊजींनी तो पुसला, बोल्ट आवळला आणि खिशातून पांढऱ्या नेलपॉलिशची बाटली काढून आपला ठिपका दिला. डॉक्टरांच्या सायकलचे सगळे बोल्ट घट्ट होते. म्हणजे कधी होते आणि कधी होत नाही. हेच मला जास्त भयानक वाटले.

मी म्हटले, "शटर कायमचं ओढते आता."

"ओढायचं नाही. पाना तुम्ही फिरवा. ठिपका मी देईन."

म्हणून कलम सहामध्ये दुरुस्ती: अट पुरी झाली आहे, सायकल नातीने आजच न्यावी. पाटी मी मेल्यावर लावायची नाही, सही झाल्याबरोबर लावायची. आठवतात तेवढ्या सायकलींची यादी केली, एकतीस भरल्या. न आठवणाऱ्या किती, ते मला विचारू नये. हा मजकूर मीच लिहिला, हे दोघांनी पाहिले आहे. मला नुसते आठवते आहे, असे नव्हे.

ठिकाण: दुकान, पुढची खोली, शटर पूर्ण उघडे
दिनांक: १४ मार्च

सही: लिहून देणार, सायकल दुरुस्तीवाली

साक्षीदार १: डॉक्टर, रस्त्याच्या टोकाचा दवाखाना
साक्षीदार २: धाकटे दीर, समोरचे दुकान. सही वाचून, तपासून केली. शेजारी पांढरा ठिपका.