बाबांची जीभ

प्रिय धाकट्या,

ताईचं पत्र बघून कपाळाला आठ्या घालू नकोस, आधी वाच. बेकरी चालू आहे, भट्टीचं दार तुझ्यासारखंच अजून कुरकुरतं. बाबांचं मात्र ठीक नाही.

मधुमेह निघाल्यावर त्यांनी साखर सोडून त्या गोड गोळ्या धरल्या, ते तू पाहिलंस. तू गेल्यावर चहात एकीच्या तीन झाल्या, मग दुधात, दह्यात, सगळ्यात. गोळीत कॅलरी नाही म्हणजे तेवढी सूट मिळाली, असा त्यांचा हिशेब. त्या सवलतीत दोन बन जास्त जायचे. पोट इतकं सुटलं की एप्रनची नाडी पुरेना. मी चिडवायचे, तेही हसायचे. मग तपासणीत रक्तातली साखरही वाढलेली निघाली.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वजन उतरवायला या गोळ्यांवर विसंबू नका. आतड्यातल्या जंतूंवर, साखर पचवण्यावर त्या काय परिणाम करतात, याबद्दल अजून खात्रीनं सांगता येत नाही. कुणाला बाधतात, कुणाला नाही. पण जिभेला सतत इतकं गोड लागलं की साधं गोड फिकं वाटतं. हळूहळू कमी करा.

ते ऐकून मला आपलं क्रीम आठवलं. आपल्याकडे पीठ, लोणी काट्यावर. क्रीममधली साखर मात्र बाबांच्या जिभेवर. चाखत चाखत घालायची आणि हात थांबेल तिथं थांबायचं. तो हात आता थांबतच नव्हता. केक परत यायला लागले होते. माझं काम भट्टीचं, तरी त्यांच्या पाठीमागे बिनसाखरेचं क्रीम मिसळून अंदाजानं सावरत होते. सांगायची छाती झाली नाही. शेवटी शिंपीणकाकूंनीच तोंडावर सांगितलं की नातीच्या वाढदिवसाला पोरांनी केक ताटात तसाच टाकून दिला. बाबांनी परत आलेला तुकडा चाखला. त्यांना तो बरोबर लागला. मला रडूच फुटलं रे.

आता बिनगोडाचा चहा तोंड वाकडं करून घेतात. जीभ पूर्वीसारखी होईल का, कोण जाणे.

तू भांडून गेलास, तेव्हा तुझं म्हणणं एवढंच होतं की क्रीम फार गोड होतंय. तुला चवच कळत नाही, असं ते ओरडले होते. काल त्यांनी हातातला चमचा खाली ठेवला आणि मला म्हणाले, धाकट्याला बोलाव, चव त्याला कळते. स्वतः लिहायला त्यांना लाज वाटते, म्हणून मी लिहितेय. शिंपीणकाकूंचा केक पुन्हा करून द्यायचाय. क्रीम फेटून ठेवलंय. साखर अजून घातलेली नाही.

तुझी वाट बघणारी, तुझीच
ताई